बुटका गुलाब : आधी निदान, मग फवारणी
कुंडीतील बुटक्या (मिनिएचर) गुलाबाची पाने पिवळी पडून गळू लागताच हाती येईल ते औषध फवारू नये. प्रथम पान उलटून पाहावे.

१) लाल कोळी : पानांवर बारीक पिवळट ठिपके, खाली जाळी. कोळी हा कीटक नव्हे. अनेक कीटकनाशकांनी त्याला खाणारे मित्रजीव मरतात व कोळी उलट वाढतो. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वरचेवर धुवावी.

२) काळे ठिपके : पानाच्या वरील बाजूस झालरीसारख्या कडांचे काळे डाग, भोवती पिवळेपणा. रोगट व गळालेली पाने वेचून नष्ट करावीत. पाणी सकाळी, बुडाशी द्यावे.

३) भुरी : कोवळ्या शेंड्यांवर पांढरी भुकटी. ८० टक्के पाण्यात मिसळणारे गंधक १ लिटर पाण्यात २ ग्रॅम फवारावे. भर उन्हात मात्र नको, पाने करपतात.