गळका जॉइंट

गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या क्रीम रंगाच्या पाइपवर, एल्बोखाली क्षारांचे पांढरे ओघळ दिसले की समजावं, इथं बरेच दिवस पाणी झिरपतंय. आमच्या सोसायटीतल्या अशा एका एल्बोवर दोन रंगांची पुटी मळून थापली होती आणि वर सायकलची ट्यूब गुंडाळली होती. पाणी तरीही यायचंच. प्लंबरनं ट्यूब सोडली, पुटी नखानं उचकटली आणि पिशवीतून हॅक्सॉ काढला. म्हणाला, "काका, हा आता कापायचाच."

सीपीव्हीसीच्या पाइपला लावतात त्याला सगळे 'सोल्युशन' म्हणतात. ते डिंकासारखं चिकटवत नाही. त्यातलं द्रावक पाइपचा बाहेरचा आणि एल्बोचा आतला पृष्ठभाग विरघळवतं, मऊ झालेले थर एकमेकांत मुरतात, द्रावक उडून जातं आणि सलग प्लास्टिक उरतं. म्हणूनच असा जॉइंट उकलून पुन्हा बसवता येत नाही. बाहेरून थापलेल्या लेपाला ओल्या, गुळगुळीत प्लास्टिकवर पकड मिळत नाही आणि पाणी आतून ढकलत राहतं.

कापलेला एल्बो त्यानं उभा चिरून दाखवला. पाइप निम्माच आत गेला होता आणि एका बाजूला प्लास्टिकची मूळची चकाकी तशीच होती. तिथं सोल्युशन पोचलंच नव्हतं.

कापण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून खालचे नळ उघडले होते, लाइन रिकामी झाली होती. पण व्हॉल्व्ह जुना. थेंब काही थांबेना. आणि ओल्या पाइपवर सोल्युशन धरत नाही. त्यानं पाव मागवला! त्याचा मऊ गर टाकीकडच्या तोंडात कोंबला. तो थेंब शोषून घेतो, तेवढ्यात जॉइंट उरकतो. नंतर पाणी सोडलं की गर विरघळून नळावाटे निघून जातो. फक्त नळाची जाळी आधी काढून ठेवायची.

खरी अडचण पुढे असते. पाइपची दोन्ही टोकं भिंतीला क्लॅम्पनं बांधलेली, त्यांत नवा एल्बो शिरणार कसा? दोन क्लॅम्प सैल केले, एका बाजूला तुकडा जोडून कपलर घेतला, दुसऱ्या बाजूला तुकडा आणि युनियन (फिरवून सोडवता येणारा जोड). म्हणजे एल्बोचे दोन गळके सांधे गेले आणि सोल्युशनचे सहा नवे आले. घरगुती दुरुस्ती फसते ती बहुधा इथेच, मोजमापात. पाइप सॉकेटमध्ये किती आत जाणार तेवढी लांबी धरून तुकडा कापायचा, हे घाईत विसरलं जातं.

बाकी काम झटपट. काप काटकोनात, कडेचा कीस काढलेला, खोलीची खूण पेन्सिलीनं. सोल्युशन दोन्हीकडे, पाइप खुणेपर्यंत दाबून पाव फेरा, आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवायचं. सॉकेट आत निमुळतं असल्यामुळे सोडलं की पाइप मागं सरकतो. तोंडाशी सोल्युशनची सलग कड दिसली म्हणजे पुरेसं लागलं. पाणी सोडण्याआधी डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, पावसाळ्यात त्याहून जास्त. सोल्युशनची वाफ पेट घेते; जवळ विडी-सिगारेट नको.

दुकानात जाताना कापलेला तुकडा सोबत न्यावा. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 22.2 मिलिमीटर, तर पाऊण इंची पांढऱ्या यूपीव्हीसीचा 26.7. एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही आणि सोल्युशनही वेगळं लागतं. गिझरच्या लाइनला यूपीव्हीसी लावूच नये, गरम पाण्यानं ते मऊ पडतं. सीपीव्हीसीसुद्धा गरम झालं की लांबतं, तीन मीटरचा पाइप 40 अंशांच्या फरकानं सुमारे सात मिलिमीटर. क्लॅम्प करकचून आवळला की तो सगळा ताण कोपऱ्यावरच्या जॉइंटवर येतो.

घराचं नवं काम चालू असेल, तर टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक युनियन बसवून घ्या. पुढं व्हॉल्व्ह बदलायचा झाला किंवा लाइन सोडवायची झाली, तर त्या जागी हॅक्सॉ लागणार नाही.