प्रशिक्षकाची निवड: रूढ समज आणि वस्तुस्थिती

कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी बाहेरून प्रशिक्षक बोलावण्याची पद्धत पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत चांगलीच रुळली असली, तरी तो निवडण्याच्या कसोट्या बहुधा सभागृहातल्या प्रभावावरून ठरतात. ज्या कामासाठी प्रशिक्षण घ्यायचे ते काम मात्र यंत्रापाशी किंवा ग्राहकासमोर चालते. या विषयातले बहुतेक गैरसमज या एकाच अंतरातून निर्माण झालेले दिसतात.

त्यांतला सर्वांत पक्का समज असा, की जो वक्ता श्रोत्यांना खिळवून ठेवतो तोच चांगला प्रशिक्षक होय, आणि दिवसअखेरीस भरून घेतलेल्या अभिप्राय-अर्जांवर पाचपैकी पाच गुण मिळाले की प्रशिक्षण यशस्वी झाले. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये लिहिलेल्या लेखमालेत प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: प्रतिक्रिया, म्हणजे शिकणाऱ्याला ते आवडले का, अध्ययन, म्हणजे तो काही शिकला का, वर्तन, म्हणजे कामाच्या जागी त्याच्या वागण्यात फरक पडला का, आणि परिणाम, म्हणजे संस्थेच्या कामगिरीत काही बदल झाला का. अभिप्राय-अर्ज यांपैकी फक्त पहिली पातळी मोजतो, आणि माणसे खूश होऊन घरी गेली एवढ्यावरून पुढच्या तीन पातळ्यांविषयी काहीही निश्चित म्हणता येत नाही.

वक्तृत्व आणि शिकवणे यांतला फरक एका साध्या उपकरणावरून दाखवता येतो. सुट्या भागांच्या कारखान्यात दंडगोल भागाचा व्यास मोजण्यासाठी मायक्रोमीटर वापरतात, आणि साध्या मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो. नवखा कामगार मापनाच्या वेळी रॅचेट, म्हणजे ठरावीक दाब येताच टक-टक आवाज करून निसटणारी टोकाची मूठ, न फिरवता थिंबल, म्हणजे अंशांकित नळीच, बोटांनी आवळतो, आणि त्यामुळे माप खऱ्या व्यासापेक्षा किंचित कमी येते. गुणवत्तेचे महत्त्व तासभर ओघवत्या भाषेत सांगूनही ही चूक सुटत नाही. जाणता प्रशिक्षक आधी दोन्ही जबडे पुसून, मिटवून शून्य जुळते का ते पाहायला लावतो, स्वतः सावकाश करून दाखवतो, रॅचेटच का फिरवायची याचे कारण सांगतो, मग कामगाराच्या हातात उपकरण देऊन त्याच्याच तोंडून ते कारण वदवून घेतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा यंत्रापाशी येऊन पाहतो. ही रीत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात नवख्या कामगारांची भरती करावी लागली तेव्हा अमेरिकेत 1940 ते 1945 या काळात चाललेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमात तयारी, सादरीकरण, प्रत्यक्ष सराव आणि पाठपुरावा अशा चार पायऱ्या पर्यवेक्षकांना शिकवल्या जात, आणि युद्धानंतर याच पायऱ्या जपानी कारखान्यांत रुजल्या. म्हणून उमेदवाराकडून त्याची ठेवणीतली स्लाइड-मालिका पाहण्यापेक्षा कारखान्यातलेच एखादे काम दोन कामगारांना, त्यांच्याच भाषेत, वीस मिनिटांत शिकवून दाखवायला सांगणे कितीतरी अधिक बोलके ठरते.

आकडेवारीने सजवलेले सादरीकरण म्हणजे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, हाही समज तपासून घेण्याजोगा आहे. संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55 टक्के असतो, हे वाक्य संवादकौशल्याच्या वर्गांत हमखास ऐकू येते; पण अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग सुट्या शब्दांतून व्यक्त होणाऱ्या आवड-नावडीपुरते मर्यादित होते, आणि सर्व संवादाला ते सूत्र लावण्यास खुद्द त्यांचाच विरोध होता. माणूस वाचलेले 10 टक्के आणि केलेले 90 टक्के लक्षात ठेवतो, असे सांगणारा त्रिकोण एडगर डेल यांच्या नावावर खपतो. डेल यांनी 1946 मध्ये मांडलेल्या अनुभव-शंकूत मात्र एकही टक्केवारी नव्हती, ती नंतर कोणी तरी चिकटवली. काही जण पाहून, काही ऐकून, काही हाताळून शिकतात आणि प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवले तर तो अधिक शिकतो, या समजुतीला पुरेसा आधार नसल्याचे मानसशास्त्रज्ञांनी 2008 च्या विस्तृत आढाव्यात दाखवून दिले आहे. असे आकडे वापरणारा माणूस शिकवण्यात कच्चाच असतो असे नाही. पण त्यांचा उगम विचारल्यावर तो काय उत्तर देतो, यावरून त्याची विद्येविषयीची निष्ठा कळते.

त्याहून महागात पडणारा गैरसमज असा, की कामात उणीव दिसली की प्रशिक्षण हाच उपाय. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 च्या पुस्तकात याबाबत फार उपयुक्त भेद केला आहे: जिवावर बेतले तर ते काम त्या माणसाला करता येईल का? येत असेल, तर उणीव ज्ञानाची नाही. साधने, वेळ, सूचना किंवा प्रोत्साहन यांची आहे. झिजलेले हत्यार बदलून मिळत नसेल आणि पाळीचे उद्दिष्ट घाईवरच बेतलेले असेल, तर मापनाचा उत्तम वर्ग घेऊनही नापास भागांची संख्या घटणार नाही. कामगारांना वर्गात बसवण्याआधी हे स्पष्टपणे सांगून काम नाकारण्याची तयारी असलेला प्रशिक्षक अत्यंत मोलाचा असतो.

प्रमाणपत्रांबाबत थोडक्यात सांगता येईल. नेतृत्व किंवा संवादकौशल्य शिकवण्यासाठी भारतात सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे खासगी संस्थांची प्रमाणपत्रे कितीही भारदस्त दिसली तरी ती पूर्वीच्या कामाच्या प्रत्यक्ष चौकशीची जागा घेऊ शकत नाहीत.

उरतो तो एकदिवसीय कार्यशाळेवरचा विश्वास. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि सराव एकाच बैठकीत उरकण्यापेक्षा अंतराने विभागल्यास कमी श्रमांत स्मरण टिकते हे दाखवले. पुढे टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी 1988 मध्ये घेतलेल्या आढाव्यात, शिकलेले कामात उतरणे हे शिकणारा आणि प्रशिक्षणाची रचना यांबरोबरच वरिष्ठांचा पाठिंबा व वापराची संधी यांवरही अवलंबून असल्याचे मांडले. त्यामुळे आठ तासांच्या एका दिवसाऐवजी दोन-दोन तासांची चार सत्रे आठवड्याच्या अंतराने ठेवणे, पहिल्या सत्राला त्या विभागाच्या सुपरवायझरला बसवणे, आणि शेवटच्या सत्रानंतर महिन्याभराने प्रशिक्षकाने त्याच यंत्रापाशी येऊन त्याच कामगारांचे मापन पाहावे व मानधनाचा एक भाग त्या भेटीनंतरच द्यावा, अशी अट करारात आधीच घालून घेणे, या गोष्टी निवडीच्या वेळीच ठरायला हव्यात.