मॉरिशसमधील एक दिवस

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाची कीर्ती आपल्याकडे पोहोचली आहे ती निळ्या समुद्राची आणि पांढऱ्या वाळूची. ती खोटी नव्हे. परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना या बेटावर त्याहून जवळचे असे काही सापडते. सारे बेट एका दिवसात पाहून होणार नाही. मात्र सकाळी लवकर निघाल्यास त्याचा नैर्ऋत्येकडील भाग निवांतपणे पाहता येतो.

दिवसाचा आरंभ राजधानी पोर्ट लुईच्या बंदरावरील ‘आप्रवासी घाटा’पासून करावा. रस्त्यावर मिळणारी गरम डाळपुरी हीच न्याहारी. आपल्या पुरणपोळीची ही तिखटमिठाची बहीणच म्हणावी. आत डाळीचे कोरडे सारण आणि वर घेवड्याची उसळ व चटणी. 1835 साली येथील गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले. असे सुमारे साडेचार ते पाच लाख लोक येथे उतरले. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरीकडील कोकणी मराठी माणसांचाही भरणा होता. घाटाच्या दगडी पायऱ्या मोजक्याच! परंतु त्या चढून गेलेल्यांपैकी बहुसंख्यांना मायभूमीचे पुन्हा दर्शन घडले नाही. 2006 साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला.

तेथून दक्षिणेकडे निघालो की उसाची शेते मागे पडतात, हवेत गारवा येतो आणि डोंगरमाथ्यावर ‘गंगातलाव’ दिसतो. हे मूळचे ज्वालामुखीच्या मुखात साचलेले सरोवर. 1972 साली गंगेचे पाणी आणून त्यात मिसळण्यात आले आणि त्याला हे नाव मिळाले. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून भाविक कावडी घेऊन पायी येतात. काठावर शंकराची 33 मीटर उंचीची मूर्ती उभी आहे. बडोदेकर वाचकांना ती ओळखीची वाटेल, कारण ती त्यांच्या सुरसागरातील मूर्तीवरूनच घडविली आहे.

पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचे अरण्य लागते. 1994 साली याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. कड्यावर उभे राहिले की खाली दाट हिरवी दरी आणि तिच्यावर संथपणे तरंगणारे, लांब शेपटीचे शुभ्र समुद्रपक्षी दिसतात. परंतु ही सारी हिरवाई मूळची नव्हे. बाहेरून आणलेल्या लाल पेरूच्या झुडपांनी येथील देशी वृक्षांची जागा बळकावली आहे. लोक मात्र मोसमात ती फळे तिखटमीठ लावून आवडीने खातात! याच बेटावरचा डोडो पक्षी माणूस आल्यापासून शंभरेक वर्षांच्या आत नामशेष झाला. त्याला उडता येत नव्हते. शिकार आणि जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे, माकडे यांपुढे त्याचा निभाव लागला नाही. येथील छोटा ससाणाही त्याच वाटेने निघाला होता. 1974 साली रानात अवघे चार ससाणे उरले होते. तेव्हा काही माणसांनी त्यांची अंडी उबवून, पिलांना हाताने भरवून, मोठी झाल्यावर पुन्हा रानात सोडण्याचे काम चिकाटीने केले. पुढे ही संख्या शेकड्यांत गेली.

दुपारी शामारेलचा धबधबा आणि त्याजवळील सप्तरंगी माती पाहावी. ज्वालामुखीचा खडक झिजून उरलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांनी येथे तांबडे, पिवळे, जांभळे असे पट्टे उमटले आहेत. डोंगर उतरून समुद्राकाठी आलो की ल मॉर्नचा 556 मीटर उंच काळा पहाड समोर येतो. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारींत लपून राहत. त्यांना मुक्तीची वार्ता सांगण्यास शिपाई आले असता, ते पकडण्यासच आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका आहे.

परतीच्या वाटेवर पश्चिम किनाऱ्यालगत कास्कावेल हे मराठी वस्तीचे गाव आहे. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवसांत मराठी मंडळी ‘झाकरी’ नाचतात. कोकणातल्या जाखडीचेच हे रूप! दीडशेहून अधिक वर्षे समुद्रापलीकडे राहूनही पायांचा ठेका सुटला नाही.

भाषेची कथा मात्र वेगळी आहे. घरात व बाजारात बोलली जाते ती क्रिओल. मराठी उरली आहे ती देवघरात, भजनांत आणि मुख्यतः शाळेत. तेथील मुले मराठी हा विषय म्हणून शिकतात आणि परीक्षा देतात. मोका येथे 1970 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे पुढील शिक्षणही मिळते. मुखातून गेलेली भाषा पाटी-पेन्सिलीच्या आधाराने परत मिळविण्याचा हा उद्योग आहे, आणि तो त्या ससाण्याच्या पिलाला हाताने भरविण्याइतकाच चिकाटीचा आहे.

आपल्या घरांत नेमके याउलट चित्र दिसते. शिक्षक या नात्याने मी ते नित्य पाहतो. मुले आजीशी मराठीत अस्खलित बोलतात, पण आजीचे पत्र त्यांना वाचता येत नाही. मॉरिशसच्या मराठी माणसाजवळ लिपी राहिली आणि बोली गेली. आपल्याजवळ बोली आहे तोवरच लिपी सांभाळली पाहिजे. मॉरिशसची यात्रा सर्वांना परवडेल असे नाही. परंतु रोज सायंकाळी घरातील मुलाकडून चार ओळी मराठीत लिहवून घेणे कोणालाही परवडण्यासारखे आहे.