बारा किल्ले त्यांचे, बारा आपले

व्हिलफ्राँश-द-काँफ्लाँ, फ्रान्स

11 जुलै 2025 रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर मोहोर उठवली. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत कोल्हापूरकरांचा पन्हाळा. ज्या देशाच्या राजधानीत हे घडलं, त्या देशाचेही बाराच दुर्ग 2008 पासून याच यादीत आहेत. सेबास्तियँ द वोबाँ या एकाच माणसाच्या हातून घडलेले किंवा सुधारलेले हे बारा दुर्ग फ्रान्सच्या सरहद्दीवर आणि किनाऱ्यावर चारी दिशांना विखुरले आहेत.

कोल्हापूरहून फ्रान्स पाहायला येणारी मंडळी बहुधा आयफेल टॉवर, लूव्र आणि सेन नदीतली बोट एवढं उरकून तिसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडच्या बसमध्ये बसतात. ज्यांच्या हाताशी दहा-बारा निवांत दिवस आहेत आणि ज्यांचा गडकोटांवर जीव आहे, त्यांच्यासाठी या देशात दुसरी एक वाट आहे. ती जुन्या तटबंदीच्या गावांतून जाते, रेल्वेने सहज जमते, आणि चालताना पन्हाळ्याबद्दल विचार करायला लावते.

वोबाँचा जन्म 1633 चा, म्हणजे शिवाजी महाराजांहून तो तीन वर्षांनी धाकटा. चौदाव्या लुईच्या पदरी राहून त्याने सुमारे पन्नास वेढे चालवले. 1673 हे एकच साल पाहावं. 6 मार्चच्या रात्री कोंडाजी फर्जंद साठ निवडक माणसांनिशी पन्हाळ्याचा कडा चढून गेला आणि गड स्वराज्यात आला. त्याच वर्षी जूनमध्ये वोबाँने मास्ट्रिख्टच्या तटासमोर समांतर चर खणत, तोफा टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत, दोन आठवड्यांच्या आत शहर पाडलं. तिथे राजा स्वतः हजर होता. पुढे कादंबऱ्यांतून गाजलेला खराखुरा दार्तान्याँ याच वेढ्यात मारला गेला. इकडे कडा, अंधार आणि छातीचा कोट केलेली साठ माणसं. तिकडे भूमिती, कुदळी आणि हजारोंची फौज. दोन्ही आपापल्या भूमीला शोभणाऱ्या विद्या होत्या. सह्याद्रीने जे डोंगर आयते दिले, ते सपाट फ्लँडर्समध्ये माणसाला मातीचे भराव घालून उभे करावे लागले. म्हणूनच वोबाँचे तट उंच नाहीत. ते बुटके, जाड आणि चांदणीसारख्या टोकांचे आहेत, तोफगोळा जिरवणारे.

वाटेचा आरंभ पॅरिसमध्येच, अँव्हालिदच्या माळ्यावर करावा. नेपोलियनची समाधी पाहून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांना वर आणखी एक संग्रहालय आहे याचा पत्ता नसतो. दिवाळीत कोल्हापूरच्या पेठापेठांत पोरं माती-दगडाचे किल्ले करतात, तेच काम चौदाव्या लुईच्या दरबाराने 1668 पासून लाकूड, कागद आणि रेशीम वापरून केलं. सरहद्दीवरच्या एकेका किल्ल्याची, आतल्या घरांसह आणि भोवतीच्या शेतांसह, सहाशेपट लहान प्रतिकृती. ही राज्याची गुपितं होती, सामान्य माणसाला पाहायला बंदी होती. आज सुमारे शंभर प्रतिकृती शिल्लक आहेत. मंद उजेडात त्यांच्या काचेभोवती फिरताना गल्ली, विहीर, चर्चचा कळस सगळं ओळखू येतं.

तिथून पूर्वेला बेझाँसाँ. दू नदीने गावाला जवळजवळ पुरता वेढा घातलाय आणि उरलेल्या तोंडावर, नदीपासून शंभर मीटरहून उंच खडकावर, बालेकिल्ला बसलाय. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी याच तटाआड फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या शंभर जणांना गोळ्या घातल्या, त्यांचं स्मारक आणि संग्रहालय आत आहे. व्हिक्टर ह्युगोचा जन्म याच गावचा, 1802 चा. आल्प्सकडे जाता आलं तर ब्रियाँसाँ गाठावं. 1,300 मीटरहून उंचावरचं हे गाव सतराव्या शतकात आगीने पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त झालं. उतारावरच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दगडी पाटातून अजूनही पाणी खळाळत जातं. आग लागली तर हाताशी असावं म्हणून ते खेळवलेलं होतं.

हे सगळं पाहून झालं तरी दक्षिणेतल्या पिरेनीज पर्वताच्या कुशीत आल्याशिवाय ही सहल पुरी होत नाही. पेर्पिन्याँहून छोटी गाडी तेत नदीच्या काठाने वर चढते आणि व्हिलफ्राँश-द-काँफ्लाँच्या तटाशी आणून सोडते. दोन नद्यांच्या संगमावर, दोन डोंगरांच्या चिमटीत बसलेलं हे गाव अकराव्या शतकाच्या अखेरीस वसलं. 1659 च्या तहाने हा मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे आला आणि वोबाँ इथे येऊन पोहोचला. चारी बाजूंच्या डोंगरांवरून गावात सरळ मारा होऊ शकतो हे त्याने हेरलं. म्हणून तटावरून फिरण्याच्या वाटेवर छप्पर चढवलं आणि वरच्या कड्यावर वेगळा किल्ला बांधला, आजचा फोर लिबेरिया. गावातून त्या किल्ल्यावर जायला डोंगराच्या पोटातून जिना आहे. त्याला हजार पायऱ्यांचा जिना म्हणतात. खऱ्या पायऱ्या 734. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खोदलेला. पन्हाळ्याची अंधारबाव उतरलेल्या माणसाला त्या थंड, ओलसर अंधाराची ओळख लगेच पटते.

गावात दोनच मुख्य रस्ते, समांतर. घरांना गुलाबी संगमरवराच्या चौकटी, कारण खाणी जवळच आहेत. वस्ती दोन-अडीचशेची. पण या एवढ्याशा गावाला स्वतःचा महापौर आहे, निवडून आलेलं मंडळ आहे, नगरभवन आहे. फ्रान्समध्ये अशी सुमारे 35,000 स्वायत्त गावं-शहरं आहेत आणि परदेशी माणसाने हा देश समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी. धर्म आणि राज्य वेगळे करणाऱ्या 1905 च्या कायद्यानंतर जुन्या चर्चच्या इमारतीसुद्धा बहुतेक ठिकाणी गावाच्याच मालकीच्या झाल्या. छप्पर गळलं तर महापौराला जाब विचारला जातो. वारसा हा शब्द इथे घरपट्टी आणि पाणीपुरवठ्याच्या शेजारी बसतो.

दिवसाची लयही आधी समजून घेतलेली बरी. सकाळी पावाच्या दुकानात गरम पाव मिळतो. आत शिरताना आधी ‘बाँझूर’ म्हणायचं, मग मागायचं, न म्हणणं उद्धटपणाचं धरतात. बारा ते दोन दुकानं बंद आणि गाव जेवायला. दोननंतर खाणावळीची चूल विझते, मग चारला भूक लागली तर काही मिळत नाही. रविवारी दुपारी आणि सोमवारी बरंच काही बंद असतं. जुलै-ऑगस्ट टाळावा, तेव्हा निम्मा देश सुटीवर असतो. सप्टेंबर उत्तम. त्यात तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिवस असतात, 1984 पासून चालत आलेले. एरवी कुलूपबंद असणारे वाडे, सरकारी कचेऱ्या आणि बुरूज त्या दोन दिवशी लोकांसाठी उघडतात आणि खुद्द फ्रेंच माणसं रांगा लावून आपलाच देश पाहतात.

व्हिलफ्राँशहून पिवळी गाडी सुटते. अरुंद रुळांवरची, विजेवर चालणारी, 1910 पासून डोंगर चढणारी ही गाडी 63 किलोमीटरच्या वाटेला सुमारे तीन तास घेते. काही डबे उघडे आहेत. मधल्या स्थानकांवर हात केला तर थांबते, उतरायचं असेल तर आधी सांगावं लागतं. तिच्याच वाटेवर माँ-लुई लागतं, 1679 मध्ये वोबाँने 1,600 मीटर उंचीवर कोऱ्या जागेवर वसवलेलं. त्याच्या बालेकिल्ल्यात आजही फ्रेंच लष्कराचं प्रशिक्षण केंद्र चालतं, आणि बाहेरच्या तटबंदीत संसार. 1949 मध्ये सूर्याची उष्णता एकवटून धातू वितळवणारी भट्टी याच गावात उभी राहिली. साडेतीनशे वर्षांच्या किल्ल्यात सैनिक, शाळकरी मुलं, कुंभार आणि प्रवासी एकाच वेळी वावरताना दिसतात.

आता दक्षिणेतलंच कार्कासोन. पोस्टकार्डावर शोभणारं, तीन किलोमीटर तट आणि 52 बुरुजांचं. इंग्रजांनी 1844 मध्ये गडकऱ्यांच्या बंडानंतर पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, त्यानंतर पाच-सहा वर्षांतच फ्रेंच सरकारनेही कार्कासोनचे तट निरुपयोगी ठरवून पाडायचं ठरवलं होतं. स्थानिक इतिहासप्रेमी क्रो-मेरव्हिएय आणि स्मारकांचे महानिरीक्षक, लेखक प्रोस्पेर मेरिमे यांनी ते वाचवलं, आणि 1853 पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने दुरुस्ती हाती घेतली. त्याने बुरुजांना उत्तरेकडच्या धाटणीची, पाटीच्या दगडाची टोकदार छपरं चढवली. दक्षिणेत ती शोभत नाहीत, हा वाद तेव्हापासून अजून मिटलेला नाही.

पण त्या छपरांपेक्षा दुसरी एक गोष्ट कोल्हापूरच्या वाचकाने ध्यानात घ्यावी. कार्कासोनच्या दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात तेव्हा गरीब विणकरांची आणि मजुरांची घरं होती. दुरुस्तीच्या ओघात ती एकेक करून हटवली गेली. आज तट झळझळीत आहेत, वर्षाला लाखो लोक येतात, आणि आत कायमची वस्ती काही डझन माणसांची उरली आहे. संध्याकाळी शेवटची बस गेली की गल्ल्यांत उपाहारगृहांच्या खुर्च्या उचलल्याचा तेवढा आवाज येतो. आर्ल शहराचं त्याहून जुनं उदाहरण. तिथल्या रोमन रंगणात मध्ययुगापासून अख्खं गाव नांदत होतं, दोनशेच्या वर घरं आणि दोन देवळं. 1825 च्या सुमारास घरं ताब्यात घेऊन पाडायला सुरुवात झाली आणि पाच वर्षांत रंगण मोकळं झालं. आज तिथे बैलांचे खेळ होतात, हजारो लोक दगडी पायऱ्यांवर बसतात. शाहू महाराजांना खासबाग मैदानाची कल्पना रोममधलं असंच प्रेक्षागार पाहून सुचली असं कोल्हापुरात सांगतात; आर्लच्या वरच्या पायरीवर बसलं की ते पटतं. मात्र खासबाग बांधताना कुणाचं गाव उठवावं लागलं नव्हतं.

फ्रेंचांनी यातून काही शिकायला शतकभर घेतलं. 1943 च्या कायद्याने प्रत्येक संरक्षित वास्तूभोवती 500 मीटरपर्यंत बांधकामाला सरकारी वास्तुतज्ज्ञाची संमती लागू झाली. खिडकीच्या फळ्यांचा रंगसुद्धा मनाला येईल तसा देता येत नाही. लोक त्यावर कुरकुरतात. 4 ऑगस्ट 1962 चा मालरो कायदा एक पाऊल पुढे गेला. सुट्या वास्तूऐवजी जुना मोहल्लाच्या मोहल्ला जपायचा, घरं पाडण्याऐवजी आतून दुरुस्त करायची आणि दुरुस्ती करणाऱ्या मालकाला करात सवलत द्यायची. दोनच वर्षांनी जुनं लियों या कायद्याखाली आलं, जिथे महापौर मोठा रस्ता काढायला निघाले होते. भाडी वाढली, गरीब भाडेकरू बऱ्याच ठिकाणी बाहेर फेकले गेले, हेही खरं. तो कायदा निर्दोष नव्हता. पण गावात माणूस राहिला पाहिजे हे तत्त्व तरी त्याने मान्य केलं. 2018 पासून सरकारने वारशासाठी खास लॉटरी काढली आहे, आणि तिचा पैसा गावोगावच्या पडक्या गिरण्या, छोटी चर्च, धुण्याचे घाट यांच्याकडे जातो.

गावात माणूस राहील का, हाच नेमका पन्हाळ्याचा प्रश्न आहे. बारांपैकी बहुतेक किल्ल्यांवर वस्ती नाही. पन्हाळ्यावर सुमारे तीन हजार माणसं, बाजार आणि नगरपरिषद आहे. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत बांधकामाला मनाई आणि पुढच्या 200 मीटरवर निर्बंध आधीच आहेत. नामांकनाची चर्चा सुरू होताच रहिवाशांनी घरांची आणि धंद्याची काळजी उघड बोलून दाखवली. ती काळजी अडाणीपणाची नाही. कार्कासोन आणि आर्लमध्ये नेमकं तेच घडलेलं आहे. आणि ते अटळही नाही, कारण व्हिलफ्राँश, ब्रियाँसाँ, माँ-लुई ही त्याच यादीतली गावं नांदती आहेत.

वोबाँला आयुष्याच्या उत्तरार्धात तटांपेक्षा तटाआडच्या माणसांचा घोर लागला होता. 1701 मध्ये त्याने जंगलांच्या लागवडीवर निबंध लिहिला, आणि गरिबांवरचा करांचा बोजा हलका करा असं सांगणारं त्याचं पुस्तक 1707 मध्ये, तो वारला त्याच वर्षी, राजाने बंद पाडलं. त्यानंतर जेमतेम आठ-नऊ वर्षांनी पन्हाळ्याच्या गादीचे अमात्य रामचंद्रपंत यांनी आज्ञापत्र सिद्ध केलं. त्यात किल्ल्यांची बांधणी आहे, गडावरची झाडं राखण्याची ताकीद आहे, आणि रयतेच्या आंबा-फणसाला तिच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये असा स्पष्ट हुकूम आहे. एकमेकांचं नावही न ऐकलेले हे दोघे जण एकाच काळात किल्ला, झाड आणि रयत यांचा एकत्र विचार करत होते. पन्हाळ्याच्या व्यवस्थापनाचा आराखडा करणाऱ्यांना आदर्शासाठी फार लांब जायला नको.

शेजाऱ्याची मदत मात्र घ्यावी. बारा फ्रेंच दुर्गांच्या गावांनी 2005 मध्ये एकत्र येऊन एक संघटना बांधली, यादीत नाव लागण्याच्या तीन वर्षं आधी. तिचं कार्यालय बेझाँसाँच्या बालेकिल्ल्यात आहे. सदस्य म्हणून तिथे गावं आणि त्यांचे लोकप्रतिनिधी बसतात, आणि गाड्यांचा तळ कुठे, उपाहारगृहांना परवाने किती, तटावरचं गवत कुणी काढायचं असे विषय त्यांच्यापुढे येतात. पन्हाळा नगरपरिषदेने, आणि तिच्याबरोबर पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी, या संघटनेला पत्र लिहून बोलणं सुरू करावं. शक्य तर चार-पाच लोकप्रतिनिधींनी सप्टेंबरात वारसा दिवसांच्या वेळी इथे यावं, व्हिलफ्राँशच्या महापौरांना भेटावं आणि आत राहणाऱ्यांच्या घरदुरुस्तीचे अर्ज किती दिवसांत निकाली निघतात, एवढं तरी विचारून घ्यावं.