झेब्राफिश नाही? अंडं आहे ना!

"आमच्या कॉलेजात झेब्राफिश नाहीत, मग डेव्हलपमेंटल बायोलॉजी कशी करायची?" सातारा-सांगलीकडचे विद्यार्थी असं विचारतात, तेव्हा मी कोंबडीचं अंडं सुचवतो.

दुकानातलं नव्हे. ते बहुतेक वेळा कोंबड्याविना घातलेलं, म्हणजे अफलित असतं. फलित अंडी हॅचरीतून किंवा कोंबडा पाळणाऱ्या घरातून आणायची. साधारण ३७.५ ते ३८ अंश सेल्सिअसला ठेवली की दुसऱ्याच दिवशी हृदय धडधडू लागतं. कवचाला छोटी खिडकी पाडली की ते डोळ्यांनी दिसतं, वर भ्रूणावर प्रयोगही करता येतो. १९४८ मध्ये जॉन सॉन्डर्स यांनी पंखाच्या कळीची टोकाकडची जाड कड काढून टाकली. पंख अपुरा राहिला; कड जितक्या लवकर काढली, तितका जास्त भाग गायब! वाढीचा हुकूम त्या कडेतून सुटतो, हे असं कळलं.

एक पथ्य पाळा. भ्रूणाचं वय नुसत्या तासांत लिहू नका. अंडं किती दिवस पडून होतं, इन्क्युबेटर किती गरम होता, यावर वाढ मागेपुढे होते. म्हणूनच हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये शरीरावरच्या खुणांवरून ४६ टप्पे ठरवले. तो टप्पा लिहा.

जनुकं बिघडवून परिणाम पाहायचा असेल तर कोंबडी जिकिरीची. तिथे फळमाशी बरी. तुटलेलं अंग परत कसं वाढतं, हा प्रश्न असेल तर हायड्रा घ्या. पुण्याच्या आघारकर संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने त्याच्यावरच काम केलंय.