कोयनेचे दप्तर

दिनांक 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी ज्या धक्क्याने पाटण तालुक्यातील कोयनानगर व त्याच्या आसमंतातील खेडी जमीनदोस्त झाली आणि सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, तो भूकंप जगातील कित्येक भूकंपसूचींमध्ये 10 डिसेंबर या तारखेखाली नोंदलेला आढळतो. यात कोणाचाही प्रमाद नाही. ग्रिनिचची वेळ आपल्या प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे असल्यामुळे तिकडच्या घड्याळात त्या क्षणी आदल्या रात्रीचे 10 वाजून 51 मिनिटे झाली होती, एवढेच त्याचे कारण. त्याच भूकंपाची महत्ता भूकंपशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत बहुधा 6.3 असते, तर धरण-अभियंत्यांच्या निबंधांत पुष्कळदा 6.5 असते. आता एखाद्या होतकरू संशोधकाने अशा दोन सूची एकत्र करून संगणकाकडून त्यांची गणती करविली, आणि वेळ कोणत्या घड्याळाची व महत्ता कोणत्या मापाची हे सांगणारे रकाने त्यांपैकी एकीत नसले, तर एका भूकंपाचे दोन होतील, संगणक तक्रार करणार नाही, आणि त्या गणतीवर उभारलेला सिद्धान्त मात्र मोठ्या दिमाखाने छापला जाईल.

संशोधकाला आपली आधारसामग्री कशी राखावी आणि आपली आज्ञावली कशी लिहावी याचे रीतसर शिक्षण दिले पाहिजे, हा विचार अलीकडे जगभर मान्य होऊ लागला आहे. त्याची निकड पाहावयाची असेल तर सातारा-सांगलीच्या सह्याद्रीकडील पट्ट्याइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. 103 मीटर उंचीच्या कोयना धरणात 1960 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पाणी साठू लागले आणि पाठोपाठ जमीन हादरू लागली. पुढे सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात चांदोलीच्या धरणाने वारणेचे पाणी 1985 पासून अडविले, तेव्हा भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे वारणेपर्यंत पसरले. 20 किलोमीटर रुंद आणि 30 किलोमीटर लांब अशा लहानशा टापूत 5 अथवा त्याहून अधिक महत्तेचे 20 पेक्षा जास्त भूकंप होऊन गेले असून लहान धक्क्यांची तर मोजदाद हजारांनी करावी लागते. जलाशयाने चेतविलेल्या भूकंपांत 1967 चा भूकंप जगात सर्वांत मोठा मानला जातो. या क्षेत्रासंबंधी मुख्य लेखन करणारे डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना येथे अखंड अभ्यास करता आला, त्याचे श्रेय या भूमीच्या अस्वस्थतेइतकेच त्या अस्वस्थतेच्या दशकानुदशके ठेवलेल्या नोंदींनाही आहे.

या नोंदींपैकी एकीचा वृत्तान्त विस्ताराने सांगण्याजोगा आहे. भूकंपाच्या वेळी धरणाच्या अंतर्भागातील एका मार्गिकेत प्रवेगमापक यंत्र बसविलेले होते आणि त्याने तो धक्का टिपला: नदीच्या दिशेने सुमारे 0.49 गुरुत्व, उभ्या दिशेने सुमारे 0.34. धरण कोसळले नाही, परंतु त्याच्या पाणी न सांडणाऱ्या काही खंडांना आडव्या भेगा पडल्या, आणि त्या विशेषेकरून जेथे धरणाच्या खालच्या अंगाचा उतार एकाएकी बदलतो त्या उंचीवर पडल्या. म्हणजे एकाच वास्तूविषयी तीन गोष्टी हाती आल्या: तिची घडण, तिला बसलेला हादरा आणि तिची प्रत्यक्ष झालेली हानी. असा त्रिवेणी संगम अभियांत्रिकीच्या इतिहासात दुर्मिळ आहे. त्यामुळे काँक्रीटच्या धरणाला भूकंपात कशा भेगा पडतील हे गणिताने वर्तविणारी आज्ञावली जगात कोठेही कोणी लिहिली, की तिची परीक्षा घेण्यासाठी कोयना धरणच तिच्यापुढे मांडण्याचा प्रघात पडला. अबॅकस नावाच्या सुप्रसिद्ध गणनाप्रणालीच्या उदाहरणसंग्रहात आजही हे धरण आहे. उतार बदलतो तेथे भेग उमटली तर आज्ञावली विश्वासार्ह, अन्यत्र उमटली तर लिहिणाऱ्याने आपली समीकरणे पुन्हा तपासावीत. पाटण तालुक्यातील एका पहाटेची नोंद परदेशांतील अभियंत्यांच्या हातची कसोटी होऊन बसली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि ज्यांनी ते यंत्र चालू स्थितीत राखले व त्याचा कागद जपला, त्यांच्याविषयी कृतज्ञताही वाटते.

कराडजवळ हजारमाची येथे भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने विवर-भूभौतिकीची प्रयोगशाळा स्थापन केली, ती याच परंपरेतील पुढची पायरी होय. भूकंप जेथे उगम पावतात त्या खोलीकडे विवरे घेऊन प्रत्यक्ष मोजमाप करावे हा तिचा उद्देश असून गोठणे येथील 3 किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर 2017 मध्ये पुरे झाले. त्याआधी घेतलेल्या विवरांपैकी रासाटीच्या विवरात सुमारे 930 मीटर काळा पाषाण भेदल्यावर एकदम ग्रॅनाइटवर्गीय खडक लागला, मध्ये गाळाचा थर नाही. ही गोष्ट खडकाचा दंडगोलाकार तुकडा, म्हणजे कोअर, वर आल्यावाचून खात्रीने कळली नसती.

कोअर हाताळण्याची रीत मात्र एखाद्या जुन्या दप्तरखान्याला शोभण्याजोगी असते. तुकडा धुऊन पुसून झाला की त्याच्या अंगावर दोन निरनिराळ्या रंगांच्या समांतर रेघा उभ्या ओढतात, जेणेकरून तो कधी उलटा ठेवला गेला तरी त्याचे वरचे टोक कोणते हे रंगांच्या उजव्या-डाव्या क्रमावरून ओळखता यावे. मग विवराचे नाव, पेटीचा क्रमांक, आरंभीची व शेवटची खोली. खोलीसुद्धा दोन प्रकारची असते: खोदणाऱ्याने नळ मोजून सांगितलेली एक, आणि नंतर केबलला बांधून सोडलेल्या उपकरणाने दाखविलेली दुसरी. केबल ताणली जाते, म्हणून दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत, आणि कोणती कोठे वापरली हे न लिहिल्यास खडक एका ठिकाणी आणि त्याचे तापमान भलत्याच ठिकाणी अशी अवस्था होते.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. याच साताऱ्याच्या मुलखात, वाईस हाती लागलेल्या पानिपतच्या काळातील पत्रांचा पहिला खंड इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा अस्सल कागद जसा मिळाला तसा द्यावा आणि आपले मत वेगळे मांडावे, हाच त्यांचा आग्रह होता. संगणकावरील आधारसामग्रीलाही पहिला नियम तोच लागू पडतो: यंत्राकडून आलेली मूळ फाईल कोणीही, कोणत्याही सबबीवर, बदलू नये; सर्व दुरुस्त्या आज्ञावलीकडून कराव्यात, आणि ती आज्ञावली जपून ठेवावी.

येथेच आपले शिक्षण उणे पडते. भूशास्त्राचा किंवा भौतिकीचा पदवीधर पायथॉन शिकतो तो बहुधा शेजारच्या मित्राकडून. त्याच्या संगणकात एकाच आज्ञावलीच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल सरांना दिलेली’ अशा तीन प्रती नांदत असतात, आणि प्रबंधातील आकृती त्यांपैकी कोणत्या प्रतीतून निघाली हे वर्षभराने त्यालाही सांगता येत नाही. अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत 1998 मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी संशोधकांसाठी ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ हा अभ्यासक्रम सुरू केला तो हेच उणेपण भरून काढण्यासाठी. त्याच्या दोन दिवसांच्या शिबिरांत शिक्षक सर्वांसमक्ष आज्ञावली टंकित करीत जातो, अडलेला विद्यार्थी आपल्या संगणकावर एका रंगाची चिठ्ठी चिकटवितो, काम उरकलेला दुसऱ्या रंगाची, आणि मदतनीस अडलेल्याजवळ जाऊन बसतो. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी 2005 मध्ये रचलेली गिट ही प्रणाली तेथे शिकवितात; प्रत्येक फेरफार कोणी, केव्हा व कशासाठी केला याची रोजकीर्द ती ठेवते.

सांगलीस विश्रामबागेत 1947 साली निघालेल्या आणि पुढे वालचंद यांचे नाव धारण केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे लिनक्स-मंडळ आहे. वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांना मुक्त आज्ञावलींची ओळख करून देतात. मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केलेले स्पोकन ट्युटोरियलचे काही पाठ मराठी निवेदनातही उपलब्ध आहेत. सामग्री आहे, हौस आहे, परंतु परीक्षेत ज्याला गुण नाहीत त्याला वेळापत्रकात तास मिळत नाही, आणि दोन दिवसांच्या शिबिरावर आयुष्यभराची सवय जडत नाही.

माझ्या मते प्रत्येक संशोधनसंस्थेत दप्तरदाराचे एक स्वतंत्र, पगारी आणि सन्मानाचे पद असले पाहिजे. प्रबंध सादर होण्यापूर्वी त्यातील प्रत्येक आकृती मूळ फाईलपासून आपल्या संगणकावर पुन्हा काढून पाहण्याचा अधिकार त्या पदाला असावा, आणि आकृती निघाली नाही तर प्रबंध परत पाठविण्याचाही. खडक ओळखणारी कराडची मुले आणि आज्ञावली लिहिणारी सांगलीची मुले यांना त्या दप्तरदाराच्या हाताखाली एक सत्र एकत्र बसवावे, त्यांच्यापुढे कोयना-वारणेच्या भूकंपसूची ठेवाव्यात, आणि काम पुरे झाल्यावर गुणपत्रिकेत त्याचे गुण मांडावेत. पुण्या-मुंबईच्या हुकमाची वाट न पाहता येथील महाविद्यालयांना हे येत्या वर्षीच सुरू करता येण्यासारखे आहे.