आवाजाची उसनवारी

चमचाभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही होते; परंतु ते विरजण शेजारणीकडून आणायचे, तर आधी मागावे लागते. आजच्या यांत्रिक संगीतात मानवी आवाजाचा उपयोग विरजणासारखाच होतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत कित्येक तरुण घरच्या लहानशा खोलीत बसून संगणकावर संगीतरचना करतात. वाद्यांचे ध्वनी यंत्रातून सहज निघतात; परंतु काळजाला भिडण्यासाठी माणसाचाच गळा हवा, असे त्यांना वाटते. म्हणून एखाद्या गाण्यातील आलाप, तान किंवा नुसता एक शब्द उचलून ते आपल्या रचनेत बसवतात. अशा तुकड्याला ‘सॅम्पल’, म्हणजे नमुना, असे म्हणतात.

ही किमया घडते कशी? आवाज म्हणजे हवेतील कंपने होत. ध्वनिमुद्रण करताना ही कंपने अत्यंत सूक्ष्म अंतराने मोजून त्यांचे अंक नोंदवले जातात. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदात ४४,१०० वेळा असे मोजमाप केलेले असते. आवाज एकदा अंकांत उतरला, की तो कापता येतो, पुन्हा पुन्हा वाजवता येतो, उलटाही फिरवता येतो. जुनी तबकडी जलद फिरवली, की लयीबरोबर स्वरही चढत असे. संगणक मात्र स्वर तोच राखून लय बदलू शकतो. साथीच्या वाद्यांत मिसळलेला गळा संगणक आता बराचसा वेगळा काढतो. तरी वाद्यांचा अंश पुष्कळदा मागे राहतो. म्हणून साथीवाचून गायिलेल्या मोकळ्या आवाजाला अधिक मोल असते.

असे तुकडे शोधणाऱ्यांचे लक्ष जुन्या चित्रपटगीतांकडे जावे, यात नवल नाही. १९८१ सालच्या ‘ज्योति’ या हिंदी चित्रपटासाठी लता मंगेशकर यांनी ‘थोडा रेशम लगता है’ हे गीत गायिले. संगीतकार होते बप्पी लाहिरी. २००२ साली अमेरिकेतील एका गाण्यात या गीताचा मोठा अंश वापरला गेला आणि ते गाणे लोकप्रिय झाले. मूळ संगीतकाराचे नाव मात्र त्यावर नव्हते. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. लाहिरी यांचे नाव दिल्यावाचून ती ध्वनिमुद्रिका विकू नये, असा आदेश न्यायालयाने २००३ साली दिला.

आपल्याकडेही १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. एकाच गाण्यात कवीचा शब्दांवर, संगीतकाराचा चालीवर आणि निर्मात्याचा ध्वनिमुद्रणावर निरनिराळा हक्क असतो. गायकाचा हक्क कायद्याने १९९४ साली मान्य केला. २०१२ च्या दुरुस्तीने गायक म्हणून आपली ओळख नोंदली जावी, हा हक्कही त्याला मिळाला.

परंतु जेथे कायद्याचे भय नाही, तेथे काय करावे? याचे उत्तर जात्यावरच्या ओव्यांनी दिले आहे. या ओव्यांची कवयित्री कोण, हे सहसा कोणी सांगू शकत नाही. तरीही गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही टिपून ठेवले. पहाटेच्या अंधारात दळता दळता गाणारी ती बाई त्यामुळे अनामिक राहिली नाही.

स्टेशनाबाहेरील फेरीवाल्याची आरोळी टिपणाऱ्या तरुणानेही हाच पाठ गिरवावा. आधी त्याला विचारावे, कशासाठी हवी ते सांगावे, पैसे मिळाले तर त्याचा वाटा त्याला द्यावा. आणि तो ‘नको’ म्हणाला, तर यंत्र बंद करावे. आवाज कापणे आता क्षणाचे काम झाले आहे. पण तो कमावण्यात गाणाऱ्याचे आयुष्य गेलेले असते.